शंका-समाधान: अकराव्या वचनाआधीची दहा वचने

प्रश्न: 2024 च्या ऑगस्टमधल्या विश्वामित्रीच्या पुरात आमच्या घरसभेतल्या एका बाईंच्या दुकानाचा सगळा माल गेला. जो भेटे तो त्यांना पवित्र शास्त्रातले यिर्मया 29:11 ऐकवी, देवाचे संकल्प हिताचेच आहेत म्हणून. आता त्या सभेला येत नाहीत. त्यांना परत बोलवायचे तर काय वाचावे? (फत्तेगंज, वडोदरा)

उत्तर: वचन खरे आहे. पण ते एका पत्रातले वाक्य आहे, आणि पत्र बाजूला ठेवून नुसते वाक्यच बाईंच्या हाती गेले. इ.स.पू. 597 मध्ये यहूदाच्या यखन्या राजाबरोबर बाबेलला बंदिवान करून नेलेल्या लोकांना यिर्मया संदेष्ट्याने यरुशलेमेहून हे पत्र पाठवले. दहाव्या वचनात मुदत आहे: सत्तर वर्षे. ऐकणाऱ्या प्रौढांपैकी बहुतेकांना परतीचा रस्ता दिसणारच नव्हता. म्हणून 5 ते 7 या वचनांत आधी कामे सांगितली आहेत. घरे बांधा, मळे लावा, मुलामुलींची लग्ने करा, ज्या नगरात नेले त्याच्या हितासाठी प्रार्थना करा. शत्रूच्या नगरासाठी, बरे का!

28 वा अध्याय सोबत वाचलाच पाहिजे. लुटून नेलेली मंदिराची पात्रे आणि बंदिवान दोन वर्षांत परत येतील, असे हनन्या या खोट्या संदेष्ट्याने मंदिरात सगळ्यांदेखत जाहीर केले. त्यावर यिर्मया आधी 'आमेन' म्हणतो. त्यालाही तेच हवे होते. पण देवाने तसे सांगितलेले नव्हते. दुःखी माणसापुढे आपली घाई असते हनन्याची आणि तोंडी वचन असते यिर्मयाचे.

बाईंकडे आधी दोघींनीच जावे, शास्त्रपाठ न काढता. दुकानाचे काय अडले आहे ते विचारावे: उधारी, भाडे, विम्याचे कागद. त्यातले एक तरी काम अंगावर घ्यावे. त्या आल्या तर सभेत 28 वा अध्याय आणि 29:1-14 मोठ्याने वाचावे. हनन्या आणि यिर्मया यांची वाक्ये दोन वेगळ्या वाचकांना द्यावीत. सहा-सात मिनिटे लागतील. मोबाईलवर वचन शोधले की तेवढेच समोर येते, म्हणून छापील पवित्र शास्त्र बरे. नंतर स्तोत्र 13 वाचून प्रार्थना करावी. सहाच वचने आहेत आणि पहिल्या दोनांत 'कुठवर' हा प्रश्न चारदा आहे. गाडी बिघडते ती इथे: तिसऱ्या वचनाला पोचण्याआधीच कोणीतरी साक्ष द्यायला, म्हणजे देवाने आपल्याला कसे तारले ते सांगायला उठतो. पुढाऱ्याने त्याला बसवावे. आणि बाईंना 'यातून काय शिकलात?' असे कोणीही विचारू नये.

यिर्मयाच्या पत्रातल्या सातव्या वचनाला धरून नगरासाठीची प्रार्थना नेमकी असावी: नाल्यांची सफाई, सयाजी रुग्णालयातले रुग्ण, नदीकाठच्या वस्त्या. मोघम 'जगाला शांती दे' म्हटले की कोणालाच काही करावे लागत नाही.

प्रश्न: स्तोत्र 88 शेवटपर्यंत अंधारच आहे. सभेत वाचावे का? (वडोदरा)

उत्तर: जरूर वाचावे, तेही पूर्ण, अठराही वचने. शेवटी दुसरे आशेचे स्तोत्र जोडण्याचा मोह मात्र टाळावा. पहिल्याच वचनात तारण करणाऱ्या देवाला हाक आहे, तेवढा आधार स्तोत्रकर्त्याला पुरला. लहान मुले असतील तर आधी एका वाक्यात सांगावे की, हा माणूस फार दुःखात आहे आणि ते देवालाच सांगतो आहे.