सही केली, पुढे काय?

प्रश्न : ऑनलाइन याचिकांवर मी नियमितपणे सही करतो आणि पटलेल्या पोस्ट इतरांना पाठवतो. याला लोकशाहीतला सहभाग म्हणायचे की घरबसल्या मिळवलेले समाधान, यावर आमच्या मित्रमंडळीत नेहमी वाद होतो. आपले मत काय?

उत्तर : हा वाद बहुधा सही करणे किती सोपे झाले आहे, या मुद्द्यावर अडत असावा. माझ्या मते पाहायला हवे ते दुसरे टोक, म्हणजे त्या सहीची दखल घेणे कोणावर बंधनकारक आहे का. ब्रिटिश संसदेच्या याचिका-संकेतस्थळावर 10,000 सह्या झाल्या की सरकार उत्तर देते आणि 1,00,000 सह्यांनंतर याचिका संसदेतील चर्चेसाठी विचारात घेतली जाते. युरोपीय संघातून बाहेर पडण्याचा निर्णय मागे घ्यावा, या मागणीवर 2019 मध्ये तेथे 60 लाखांहून अधिक सह्या झाल्या. चर्चाही झाली आणि सरकारने मागणी फेटाळली. सह्या करणाऱ्यांचा हिरमोड झालाच असणार, परंतु तो नकार सरकारला जाहीरपणे आणि कारणे देऊन द्यावा लागला. ज्या याचिकेला असा वाली नाही, ती बहुतेक वेळा पत्ता न लिहिलेल्या पाकिटासारखी कुठेच पोहोचत नाही.

तरीही पडद्यावरच्या कृतीचा प्रत्यक्षात काहीच परिणाम होत नाही, असे आपल्या मित्रांचे म्हणणे असेल तर ते मला मान्य नाही. 2010 मधील अमेरिकी काँग्रेसच्या निवडणुकीच्या दिवशी फेसबुकवर सुमारे 6 कोटी 10 लाख वापरकर्त्यांना घेऊन एक प्रयोग झाला. थोड्यांना मतदानाचे आवाहन आणि ‘मी मतदान केले’ हे बटण दिसले, थोड्यांना काहीच दिसले नाही, तर उरलेल्या बहुसंख्यांना आवाहनाच्या जोडीला ते बटण दाबलेल्या स्वतःच्या मित्रांचे चेहरेही दिसले. नुसते आवाहन वाचलेल्यांचे मतदान काहीच न दिसलेल्यांइतकेच राहिले. चेहरे पाहिलेल्यांचे मात्र किंचित वाढले आणि तो प्रभाव त्यांच्या जवळच्या मित्रांपर्यंतही झिरपला. 2012 मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार त्यामुळे सुमारे 3,40,000 जादा मते पडली. (आपण प्रयोगात आहोत हे त्या कोट्यवधींना कोणी सांगितलेच नव्हते, ही गोष्ट मला त्या आकड्यापेक्षा अधिक खटकते, कारण असे बटण कोणाला दाखवायचे आणि कोणाला नाही, हे कंपनीच्या हाती राहते.)

माध्यमाची घडण बदलली की संवादाचा पोतही बदलतो. तैवानमध्ये 2015 साली उबरच्या टॅक्सीसेवेविषयीचे नियम ठरवण्यापूर्वी नागरिकांची मते ‘पोल.इस’ (Pol.is) नावाच्या ऑनलाइन प्रणालीवर मागवण्यात आली. तेथे आपले विधान मांडता येते, इतरांच्या विधानांना सहमती वा असहमती नोंदवता येते, मात्र कोणाला उलट उत्तर देण्याची सोयच नाही. साहजिकच शब्दाला शब्द वाढत नाही आणि भिन्न गटांना एकत्र मान्य असलेली विधाने वर येतात. सरकारने नियम करताना ती विचारात घेतली.

प्रश्न : खोट्या बातम्या स्वयंचलित खाती पसरवतात. मग सामान्य वापरकर्त्याला दोष का द्यावा?

उत्तर : दोष देण्याचा हेतू नाही, परंतु 2018 मध्ये ‘सायन्स’मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास आपल्या गृहीतकाच्या विरोधात जातो. 2006 ते 2017 या काळात ट्विटरवर फिरलेल्या सुमारे 1,26,000 बातम्या त्यात तपासल्या होत्या. खोटी बातमी पुढे पाठवली जाण्याची शक्यता खरीपेक्षा 70 टक्क्यांनी जास्त आढळली. स्वयंचलित खाती मात्र खरे आणि खोटे जवळपास सारख्याच वेगाने पसरवत होती. उरलेला फरक माणसांनीच केला होता, आणि संशोधकांच्या मते त्यामागे खोट्या बातमीतल्या नवलाईचे आकर्षण असावे.