सांगलीत शिकायला यावं का? रीलमध्ये दाखवतात तसं असतं का सगळं?

मी स्वतः त्या रील बनवणाऱ्यांपैकी एक. ॲडमिशनच्या दिवसांत आम्ही चार-पाच जण कॅमेरा घेऊन फिरायचो, त्यामुळे काय दाखवलं नाही ते सांगतो.

मेसची आमटी दाखवली नाही. पहिल्या वर्षी माझी मेस अशी होती की महिनाभर मी भडंगावर जगलो. (भडंग मात्र इथलंच खावं, हे खरं.)

पूरही दाखवला नाही. आयर्विन पुलावरचा सूर्यास्त प्रत्येक रीलमध्ये असतो, पण ऑगस्ट 2019 मध्ये पुलाखालच्या याच कृष्णेनं अर्ध्या गावात पाणी घातलं होतं. खोली घेताना 'इथं किती पाणी आलं होतं?' हे मालकाला नाही, शेजारच्या दुकानदाराला विचारा. विश्रामबाग बाजू त्या मानानं उंचावर आहे. वालचंद (1947) आणि विलिंग्डन (1919) ही कॉलेजंही तिकडंच, म्हणून मुलं तिथंच खोल्या शोधतात. मिरजेला वडापनं (शेअर रिक्षा-जीपनं) सहज जाता येतं, आणि लांबच्या बऱ्याच रेल्वे तिथून मिळतात.

रात्री दहानंतर गाव झोपतं. पुण्याची सवय असेल तर जड जाईल. उलट नाटकाचं वेड असेल तर मजा आहे. विष्णुदास भाव्यांनी 1843 मध्ये मराठी रंगभूमीवरचं पहिलं मानलं जाणारं नाटक इथंच केलं, आणि एकांकिकेच्या तालमीला आजही पोरं लेक्चर बुडवतात.

यायच्या आधी एकदा पावसाळ्यात चक्कर मारा. हरिपूरला कृष्णा-वारणेच्या संगमावर जाऊन या, मग ठरवा.