लिडारने, म्हणजे विमानातून लेझर सोडून केलेल्या मोजणीने, समुद्रतळावर गवत आहे की वाळू हे कळतं का? मालवणला जमेल का?

कळतं, पण एकट्या लेझरच्या भरवशावर नकाशा रंगवू नका. खोली मोजणं वेगळं आणि तळाला काय उगवलंय ते सांगणं वेगळं.

पुण्यात बसून काही वर्षं मी हाच डेटा प्रोसेस केलाय. ५३२ नॅनोमीटरच्या हिरव्या लेझरने खोली काढतात हे तुम्हाला माहीतच असेल, गवतासाठी बघायचं ते तळाला लागून परत आलेल्या पल्सचा, म्हणजे लेझरच्या झटक्याचा, जोर. पांढरी वाळू उजळ दिसते, सीग्रास काळपट. पण पाणी खोल किंवा गढूळ असलं तरी पल्स कमजोरच येतो, खोलीचं करेक्शन लावता येतं, गढूळपणाचं अवघड, आणि तिथेच माझं आमच्या टीम लीडशी वाजलं.

काम पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्याचं होतं, तिकडे पॉसिडोनिया नावाच्या सीग्रासची मोठी कुरणं आहेत. स्क्रीनवर एक काळपट पट्टा होता, सॉफ्टवेअरने तो गवत म्हणून रंगवलेला. झूम केलं तर त्याची एक कड पट्टीने आखल्यासारखी सरळ, आणि ती बरोब्बर दोन फ्लाइट लाइन, म्हणजे विमानाच्या दोन फेऱ्यांच्या पट्ट्या, जुळतात तिथे. लॉग काढला तर दोन्ही लाइन वेगवेगळ्या दिवशी उडवलेल्या. गवत विमानाच्या रेषेत उगवत नाही. मी म्हटलं मधे पाणी ढवळलं असणार, हा भाग अनिश्चित दाखवू आणि क्लायंटकडे पाण्याखालचा व्हिडिओ मागू. लीड म्हणाला उद्या सबमिशन आहे, जाऊ दे. गेलं तसंच. दोन महिन्यांनी कॅमेरा खाली सोडला तर तिथे नुसती वाळू, लाटांच्या वळ्या उमटलेली. सगळं काम परत केलं ते आम्हीच, आणि मला अजून राग येतो, कारण गाळ कुठे उपसायचा हे असल्याच नकाशावर ठरतं.

म्हणून सांगते, कॅमेऱ्याचे नाहीतर डायव्हरचे पैसे आधी बाजूला काढा, त्यांनी बघितलेले काही पॉइंट वर्गीकरण करणाऱ्याला दाखवूच नका, फक्त तपासायला ठेवा. आणि शेजारच्या लाइनच्या ओव्हरलॅपमधली इंटेन्सिटी, म्हणजे पल्सचा जोर, जुळल्याशिवाय काही पाठवू नका, लीड काहीही म्हणो.

मालवणचं राहिलंच. सेक्की तबकडी, म्हणजे पाणी किती नितळ ते बघायला दोरीने खाली सोडायची चकती, दिसेनाशी होते त्याच्या साधारण दोन-तीन पट खोल लेझर जातो, म्हणजे तबकडी २ मीटरवर गायब झाली तर ४ ते ६ मीटरच्या पुढचं विसरा. पावसाळ्यात तर प्रश्नच नाही. सिंधुदुर्ग किल्ल्याजवळच्या उथळ प्रवाळासाठी पाणी निवळल्यावर आधी होडीतून तबकडी सोडून बघा, विमानाचं नंतर.