कार्बन फायबर एवढं तापतं तरी टिकतं, मग इंजिनाजवळ साधं इपॉक्सी कंपोझिट (इपॉक्सी रेझिनमध्ये फायबर बसवून केलेलं मटेरियल) का चालत नाही?

कारण फायबर टिकतं, पण त्याला धरून ठेवणारं रेझिन टिकत नाही. विमानातलं चांगलं इपॉक्सीसुद्धा साधारण १२०-१५० डिग्री सेल्सियसपर्यंतच भरवशाचं, आणि हवेतली ओल शोषली की त्याआधीच मऊ पडायला लागतं, लोक नेमकं हेच विसरतात आणि कोरड्या सॅम्पलचे आकडे बघून खूश होतात. त्याहून जास्त तापमानाला बीएमआय (बिसमॅलेइमाइड) रेझिन, आणि अजून जास्तला पॉलिइमाइड रेझिन.

पॉलिइमाइडमधलं गाजलेलं नाव पीएमआर-१५, नासाच्या क्लीव्हलँडच्या लॅबमध्ये १९७०च्या दशकात बनलेलं, २८८ डिग्रीला हजारो तास काम करतं. एफ४०४ या लढाऊ विमानाच्या जेट इंजिनाचा बाहेरचा बायपास डक्ट (इंजिनाच्या गाभ्याभोवतून हवा नेणारं नळकांडं) आधी टायटॅनियमचा होता तो याचा केला, वजन कमी झालं. माझ्या मते या मटेरियलचं सगळ्यात भारी काम हेच. पण बनवताना जाम त्रास, क्युअर होताना, म्हणजे रेझिन तापवून कडक होताना, आतून मिथेनॉल आणि पाण्याची वाफ निघते, ती व्हॅक्यूमने वेळेत काढली नाही तर लॅमिनेटमध्ये (फायबरच्या थरावर थर चढवून केलेल्या पार्टमध्ये) पोकळ्या राहतात आणि पार्ट बाद. वर त्यातलं एमडीए हे केमिकल कॅन्सरच्या धोक्याचं, म्हणून त्याच्याशिवायची रेझिन शोधायला लागली.