अँटिबायोटिक चालू असताना कुत्र्याला दही द्यावं का?
अँटिबायोटिकमुळे तुमच्या २५ किलोच्या लॅब्रॅडॉरला पातळ शी होतेय, तर दही चालेल, पण गोळीनंतर किमान २ तासांनी. एकत्र दिलं तर औषध दह्यातले जिवाणूही मारतं, शिवाय काही गोळ्या दह्यातल्या कॅल्शियममुळे नीट शोषल्या जात नाहीत. सुरुवात १ लहान चमचा. पोट आणखी बिघडलं नाही तर २-३ दिवसांत २ मोठे चमचे. साधं, ताजं, बिनसाखरेचं. खरं तर कुत्र्यांसाठीची प्रोबायोटिक (चांगल्या जिवाणूंची) पावडर जास्त भरवशाची, मात्रा ठरलेली असते. फक्त ती वाफाळत्या भातात कालवू नका, जिवाणू मरतात. आणि तुमच्या नाशकात द्राक्षं-बेदाणे घरोघरी असतात म्हणून सांगतो: ते कुत्र्याला अजिबात नकोत, किडनी निकामी होऊ शकते. शीमध्ये रक्त, उलट्या किंवा मलूलपणा दिसला तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या.