इंडियन सुपर लीगवरून जुन्या चाहत्यांचे मन उडत चालले आहे का?

माझ्या मते चाहत्यांचे फुटबॉलवरचे प्रेम आटलेले नाही, या लीगवरचा विश्वास मात्र नक्कीच डळमळला आहे. २०१४ मध्ये स्पर्धा सुरू झाल्यावर बालेवाडीच्या मैदानावर एफसी पुणे सिटीची नारिंगी जर्सी घालून घसा बसेपर्यंत ओरडणारी मुले २०१९ मध्ये संघच बंद पडल्यावर पोरकी झाली, कारण त्याची जागा घेणारा नवा संघ थेट हैदराबादला गेला. गोव्यात तर पाच वेळा राष्ट्रीय विजेता ठरलेल्या धेंपोसह साळगावकर आणि स्पोर्टिंग या क्लबांनी २०१६ मध्ये आय-लीग या जुन्या राष्ट्रीय लीगमधून अंग काढून घेतले; ज्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या याच क्लबांवरून वाद रंगत, त्यांना सुपर लीगमधल्या एफसी गोवाला आपले म्हणायला वेळ लागणे साहजिक होते. त्यात २०२५-२६ चा हंगाम स्पर्धेच्या व्यावसायिक हक्कांच्या कराराअभावी लांबणीवर पडला. सामने कधी होणार हेच ठाऊक नसेल, तर माणसाने वाट तरी किती पाहावी? तरीही कोलकात्याच्या मोहन बागानच्या चाहत्यांनी संघाच्या नावाला जोडलेले ‘एटीके’ हे विलीन झालेल्या दुसऱ्या संघाचे नाव काढण्यासाठी सातत्याने आवाज उठवला आणि २०२३ मध्ये ते निघाले, हे मला उदासीनतेचे लक्षण मुळीच वाटत नाही.