कावळा शिवला नाही, म्हणून मन खातंय

प्रश्न : ताई, स. न. वि. वि. माझं वय ६८. एसटीतून निवृत्त झालो. वैशाखात माझी पत्नी गेली. मेंदूत रक्तस्राव झाला, चार दिवस अतिदक्षता विभागात होती, शुद्धीवर आलीच नाही. दहाव्याला संगम माहुलीला पिंड ठेवला. तास-दीड तास झाला तरी कावळा शिवेना. झाडावर बसले होते, पण खाली येईनात. भाऊ म्हणाला, ‘वहिनी, नातवंडांचं सगळं नीट करू.’ मुलगा म्हणाला, ‘आई, बाबांना मी सांभाळीन.’ मेहुणी सगळ्यांदेखत मला म्हणाली, ‘काहीतरी इच्छा राहिली असणार, तुम्ही बोला.’ मला तोंड उघडवेना. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून शिववला. तिला माहेरी, चिपळूणला, आठ दिवस राहायचं होतं. दरवर्षी मी ‘पुढच्या वर्षी बघू’ म्हणायचो. माझ्यामुळे ती अडकली का? शिवाय पहाटे स्वयंपाकघरातून तिच्या बांगड्यांचा आवाज येतो. मुलाला सांगितलं तर तो घाबरला, डॉक्टरांकडे चला म्हणतो. तिचं कपाटही त्याला आता रिकामं करायचंय. माझी रक्तदाबाची गोळी तीच काढून द्यायची, ती हल्ली राहून जाते.
– एक वाचक, सातारा जिल्हा

उत्तर : भाऊ, नमस्कार.

तुमच्यामुळे त्या अडकलेल्या नाहीत. हे मी तुमचं समाधान करायला म्हणत नाही, कारण सांगते.

वैशाख हा कावळ्यांचा घरटी करण्याचा हंगाम. या दिवसांत जोडी घरट्याच्या आसपासच घुटमळते. त्यात घाटावर पिंड काही एकाच घरचा नसतो. सकाळपासून तीन-चार घरांचा भात खाल्लेला कावळा ऊन चढल्यावर कशाला खाली उतरेल? आणि पिंडाभोवती माणसं दाटीवाटीने उभी, कुणी हात जोडतंय, कुणी ‘काव काव’ करतंय. कावळा मुळात संशयी पक्षी, गर्दी पांगल्याशिवाय तो जवळ येत नाही. मी रुग्णालयात समाजसेविका म्हणून नोकरी केली. दहाव्याहून परतलेली कितीतरी माणसं माझ्यासमोर बसून हेच बोलून रडली आहेत. कुणाला वाटायचं आईला पाणी पाजायचं राहिलं, कुणाला वाटायचं धाकटीचं लग्न तिच्यादेखत झालं नाही. ज्यांनी जिवापाड केलं, त्यांच्याकडेही कावळा फिरकलेला नसायचा.

तुमची श्रद्धा असेल तर त्या बाजूनेही पाहा. दर्भाचा कावळा ही काही पळवाट नव्हे. ती सोय विधीतच ठेवलेली आहे, तो शिवला की पिंडाला कावळा शिवला असंच धरतात. ज्यांनी ही रीत घातली त्यांना ठाऊक होतं की पक्षी कधी येतो, कधी येत नाही, आणि मागे राहिलेल्याला त्या दगडावर टांगून ठेवता येत नाही. तुमच्या गुरुजींनी विधी पुरा केला आहे. तो अर्धा राहिलेला नाही.

मेहुणीबाईंचं बोलणं मात्र मला लागलं. त्यांची बहीण गेली, त्याही दुःखात होत्या, हे कबूल. पण चार माणसांत नवऱ्याला ‘तुम्ही बोला’ म्हणणं म्हणजे त्याला आरोपी करून उभं करणं. तुम्हाला तोंड उघडवलं नाही, यात गैर काहीच नाही. इतक्या वर्षांच्या संसाराचं बोलणं असं घाटावर, ओलेत्याने, लोकांसमोर होत नाही.

आता चिपळूणचं. ती खंत खरी आहे आणि ती मी पुसून टाकायला जाणार नाही. ‘असं काही मनात आणू नका’ असं लोक तुम्हाला म्हणत असतील, त्याने खंत जात नाही, फक्त बोलायची चोरी होते. त्यांना जायचं होतं, तुम्ही लांबवत गेलात. पण हे कावळ्याने सांगितलेलं नाही, भाऊ, हे तुमचं मन सांगतंय, आणि ते ऐकून घ्यायला पाहिजे. कुठल्याही घरातून माणूस सगळ्या इच्छा संपवून जात नाही. वहिनी पुढच्या वर्षी पुन्हा हट्ट धरणारच होत्या, म्हणजे पुढचं वर्ष तुमच्याबरोबर आहे असंच त्या धरून चालल्या होत्या.

बांगड्यांच्या आवाजाने घाबरू नका. वेल्समधल्या ड्यूई रीस नावाच्या डॉक्टरांनी जोडीदार गमावलेल्या २९३ जणांशी बोलून १९७१ साली एक अभ्यास छापला. त्यातल्या जवळजवळ निम्म्यांना गेलेल्या माणसाची चाहूल लागत होती. कुणाला ते माणूस दिसायचं, कुणाला त्याचा आवाज यायचा, कुणाला नुसतंच जवळ असल्यासारखं वाटायचं. संसार जितका लांबलेला तितकं हे जास्त. बहुतेकांनी ते तोवर कुणाला सांगितलंही नव्हतं, आणि बऱ्याच जणांना त्याचा आधारच वाटत होता. हे उत्तर मुलाला वाचायला द्या. तोही आईविना झालाय, त्यात आता बापाची काळजी, म्हणून तो घाईला आलाय.

कपाट इतक्यात रिकामं करायचं नाही. हे त्याला सरळ सांगा. वर्षश्राद्धापर्यंत राहू दे, वाटलं तर त्यापुढेही. साड्या कुणाला द्यायच्या, कुठल्याची गोधडी शिवून घ्यायची, ते तुम्ही दोघं आणि सूनबाई मिळून, एकेक घडी उलगडून ठरवा. ही कुठल्या लग्नातली, ही कुणी घेतली, हे बोलत बोलत. पोत्यात भरून एका दुपारी उरकायचं काम नाही ते.

गोळीबाबत मात्र मी हट्टाने सांगणार आहे. पंचावन्नच्या पुढच्या साडेचार हजारांजवळ विधुरांची पाहणी इंग्लंड-वेल्समध्ये झाली होती, ती १९६९ साली प्रसिद्ध झाली. पत्नी गेल्यानंतरच्या पहिल्या सहा महिन्यांत त्यांच्यातलं मृत्यूचं प्रमाण नेहमीपेक्षा ४० टक्के जास्त निघालं, आणि त्यात हृदयविकाराचा वाटा मोठा होता. गोळ्यांची डबी देवघरापाशी ठेवा, दिवा लावला की गोळी. डॉक्टरांना एकदा भेटायचंच आहे, पण ते रक्तदाबासाठी. झोप अजिबात येईनाशी झाली, जेवण सुटलं, किंवा आपणही तिच्यामागे जावं असं मनात आलं, तर त्याच दिवशी मुलाला सांगा, नाहीतर १४४१६ हा टेलिमानसचा सरकारी क्रमांक लावा. तो मोफत आहे, दिवसरात्र चालू असतो, मराठीत बोलता येतं.

आणि चिपळूणला जा. पहिल्या वर्षी सण करायचा नाही असं घरात असेल तर गणपती आटोपल्यावर जा. वहिनींच्या भावाकडे आठ दिवस राहा. त्या शाळेला कुठल्या वाटेने जायच्या, लहानपणी कशाला रुसायच्या, हे तुम्हाला माहीत नसलेलं त्यांच्याकडे भरपूर असेल, आणि संसारातल्या वहिनी त्यांना तुमच्याकडूनच कळतील. तुमच्या घरात सध्या त्यांचं नाव घ्यायला सगळे बिचकत असतील, तिथे मनसोक्त घ्या. घाटावर जे बोलता आलं नाही, ते तिथे त्यांच्या अंगणात बोला, मोठ्याने बोललात तरी चालेल. फक्त मेहुण्यांना आधी फोन करा, आणि एसटीत खिडकीची जागा धरा. कुंभार्ली घाट पावसानंतर फार हिरवा असतो. गोळ्या पिशवीत घ्यायला विसरू नका.